पर्समधलं रिव्हॉल्व्हर आणि कपाटातलं



२०२४ च्या श्रावणातली गोष्ट. आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. वय पस्तिशीच्या आसपास. तालुक्याच्या गावी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान, हाताखाली शिकायला दोन मुली. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. समोर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि पिशवीतून वर्तमानपत्राचं एक जुनं, घडीवर फाटत आलेलं कात्रण काढून त्यांनी टेबलावर पसरलं. "ताई, हे काढायला काय काय कागद लागतात?" रेशनकार्ड काढायला काय लागतं हे विचारावं, अगदी त्याच आवाजात.

कात्रणात रिव्हॉल्व्हरचा फोटो होता. दागिन्यांची असते तशा मरून रंगाच्या पेटीत ठेवलेलं छोटंसं रिव्हॉल्व्हर.

पोटगीचा अर्ज, रहिवासी दाखला, संजय गांधी निराधार योजनेची कागदपत्रं, यांच्या याद्या आम्हाला तोंडपाठ आहेत. शस्त्र परवान्याची यादी कुणालाच ठाऊक नव्हती. त्यांना आमच्याकडून शिफारसपत्रही हवं होतं. 'या बाईंच्या जिवाला धोका आहे' असं संस्थेच्या कागदावर लिहून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

सोमवारच्या बैठकीत विषय काढला आणि दोन तट पडले. एक मैत्रीण म्हणाली, आपणच शाळाशाळांतून मुलींना कराटे शिकवतो, पर्समध्ये मिरचीपूड ठेवा म्हणून सांगतो, मग हे का नको? पुरुषाच्या कमरेला शोभतं ते बाईच्या पर्समध्ये गेलं की लगेच आपल्याला गांधीजी आठवतात का? दुसरी, वयानं आमच्यात सर्वांत मोठी, म्हणाली, हत्याराची भाषा ही त्यांची भाषा आहे, ती आपण बोलायची नाही. मी मधल्या मध्ये. दोघींचं पटत होतं आणि दोघींच्याही बोलण्यात ती बाई कुठेच नव्हती. या अंकाचं संपादकीय त्या बैठकीतून निघालं आहे, म्हणून इतक्या तपशिलानं लिहिते आहे.

आधी त्या कात्रणाविषयी. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये बसमधली ती घटना घडली. देश रस्त्यावर आला. त्यानंतर जो तो बाईच्या हातात काही ना काही द्यायला धावला. जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेनं महिलांना चाकू वाटले. आणि जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीनं खास महिलांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. नाव 'निर्भीक'. पॉइंट बत्तीस बोअर, सहा गोळ्या, वजन अर्धा किलो. पोलादाऐवजी टायटॅनियमचा मिश्रधातू वापरून ते पर्सजोगं हलकं केलेलं. किंमत त्या वेळी १,२२,३६० रुपये. ज्या मुलीला लोकांनी 'निर्भया' म्हटलं, तिच्या नावाचा हा प्रतिशब्द आहे हे कुणालाही कळेल. म्हणजे तिच्या मरणानं सरकारी कारखान्याला मालाचं नाव पुरवलं! पुढे २०२३ मध्ये कानपूरहूनच 'प्रबल' नावाचं दुसरं रिव्हॉल्व्हर आलं. पाऊण किलोच्या आतलं, जास्त लांब पल्ल्याचं. तेही बायकांना पर्समध्ये सहज बाळगता येईल असं सांगण्यात आलंच.

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या १४ व्या कलमात एक वाक्य आहे, ते वाचून मला हसू आलं. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असं कायदा म्हणतो. म्हणजे ब्लाउजची शिलाई घेणाऱ्या बाईलाही परवाना मागण्याचा हक्क आहे. सव्वा लाख कुठून आणायचे ते तिनं बघावं.

कागदांची यादीही मिळवली, कारण ती मिळवून द्यायचं मी कबूल केलं होतं. वय २१ पूर्ण हवं. अर्ज पोलीस आयुक्तालय असेल तिथे आयुक्तांकडे, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, डॉक्टरचा दाखला, आणि घरी ते सुरक्षित कुलपात ठेवीन असं हमीपत्र. पोलिसांचा अहवाल. परवाना मिळालाच तर २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याची मुदत पाच वर्षं. आणि ज्या पोलीस ठाण्यानं त्या बाईंच्या तक्रारीची तीनदा एन.सी. करून बोळवण केली होती, त्याच ठाण्यानं आता त्यांच्या जिवाला धोका आहे की नाही याचा अहवाल द्यायचा!

हत्याराबद्दल मला काहीच कळत नाही. म्हणून पोलीस प्रशिक्षणात अनेक वर्षं काढून निवृत्त झालेल्या एका हवालदार बाईंना जाऊन भेटले. कात्रण दाखवलं. त्यांनी ते चष्म्याजवळ धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हलकं आहे म्हणून बायकांचं, असं कोण म्हणालं तुला?" मग चहा होईपर्यंत त्यांनी मला जे सांगितलं ते इथे देते, कारण जाहिरातीत ते कधी नसतं. हत्यार जितकं हलकं तितका त्याचा धक्का हाताला जास्त बसतो. नळी जितकी आखूड तितका नेम धरणं अवघड. तेव्हा लहान रिव्हॉल्व्हर हे नवशिक्याचं हत्यार नव्हे, सराव असलेल्या हाताचं आहे. चाप लहान दिसतो, पण ओढायला चांगलंच बोट लागतं, त्यात हात थरथरत असेल तर नळी खाली झुकते. सराव करायचा म्हणजे काडतुसं हवीत. परवान्यावर वर्षाला किती घेता येतील ते लिहिलेलं असतं, आणि सरावाची जागा तालुक्याच्या गावी असतेच कुठे? पर्स तर त्यांना मुळीच पसंत नव्हती. "पर्स पहिली खेचतात. खांद्यावरून उतरून, चेन उघडून, रुमाल आणि डबा बाजूला सारून हात तिथवर जायला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून बघ. माणूस तोवर अंगावर आलेला असतो. आणि झटापट झाली की ज्याचा जोर जास्त, हत्यार त्याचं."

त्या बाई काही अहिंसावादी नाहीत. त्यांनी आयुष्यभर ते शिकवलं आहे, मन लावून शिकवलं आहे. शेवटी एवढंच म्हणाल्या की घ्यायचंच असेल तर आधी सहा महिने शिकायला हवं, आणि मग घरात ते कुठे ठेवणार हे मला सांगायला हवं.

घरात ते कुठे ठेवणार, या प्रश्नाशी मी अडकले.

कारण पर्समधलं रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक चित्र आहे. अंधारी गल्ली, एकटी बाई, मागून येणारा अनोळखी माणूस. हे चित्र खोटं नाही. असे हल्ले होतात, आणि त्या वेळी स्वसंरक्षणासाठी हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा बाईच्या बाजूला उभा राहू शकतो. भारतीय न्याय संहितेचं ३८ वं कलम (पूर्वीच्या दंडसंहितेतलं १००) तेच सांगतं. बलात्काराच्या किंवा ॲसिड फेकण्याच्या हल्ल्याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दरवर्षी हेही सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, लग्नाचं वचन दिलेला, मालक. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चौघींत एकीनं नवऱ्याकडून मारहाण वा अन्य हिंसा झाल्याचं सांगितलं. या बाईनं रिव्हॉल्व्हर कुणावर रोखायचं? आणि रात्री कपाटात ठेवल्यावर त्या कपाटाची किल्ली कुठे असते हे ज्याला माहीत आहे, त्याचं काय?

बाईच्या पर्समधली बंदूक ही अमेरिकेत जुनी गोष्ट आहे. स्मिथ अँड वेसन या कंपनीनं १९८९ मध्ये 'लेडीस्मिथ' या नावानं खास बायकांसाठी रिव्हॉल्व्हर काढलं. तिथे आज लपवून हत्यार बाळगायला अनेक राज्यांत परवानाही लागत नाही. कोणतं पिस्तूल कमरेला टोचत नाही, कोणतं साडेतीन इंचांच्या नळीचं बरं, यावर बायका बायकांना सल्ले देतात, खास चोरकप्प्याच्या पर्सेस मिळतात. २०१४ च्या अखेरीला आयडाहो राज्यात दुकानात खरेदीला गेलेल्या एका आईच्या तशाच पर्सची चेन तिच्या दोन वर्षांच्या मुलानं उघडली. पुढचं लिहवत नाही. ती आई बंदूक चालवण्यात तरबेज होती.

तिथल्या संशोधनाचे आकडे मात्र लिहायलाच हवेत. १९९३ मध्ये केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की घरात बंदूक असणं म्हणजे त्या घरात खून होण्याचा धोका २.७ पट. २००३ मध्ये जॅकलिन कॅम्पबेल आणि इतर संशोधकांनी अकरा शहरांत छळ सोसणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. छळ करणाऱ्याच्या हाती बंदूक येऊ शकत असेल तर बाई मारली जाण्याचा धोका पाच पटींहून अधिक. आणि २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोठ्या पाहणीतून आलं की ज्यांच्या स्वतःकडे बंदूक नाही, पण जे बंदूकवाल्याबरोबर एका घरात राहतात, ते जोडीदाराच्या गोळीनं मरण्याचं प्रमाण इतरांच्या सात पट. अशा बळींमध्ये ८४ टक्के बायका. तिथल्याच २०२० च्या अभ्यासाची ओळ वाचून मी थांबलेच. पिस्तूल असलेल्या बायकांनी स्वतःवर गोळी झाडून घेण्याचं प्रमाण, पिस्तूल नसलेल्या बायकांच्या ३५ पट.

हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावू नयेत, हे मला कळतं. तिथे घरोघरी बंदूक आहे. आपल्याकडे बाई मरते ती रॉकेलनं, दोरीनं, विहिरीत. पण ज्या घरात परवान्याचं हत्यार आहे, त्या घरापुरतं आपण अमेरिकेतच राहतो असं समजायला हरकत नाही. आणि अशी घरं आपल्या जिल्ह्यांत कमी नाहीत. बागायतदार, बिल्डर, वाळूवाले, गावचे पुढारी. मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर २०२५ च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची फेरतपासणी झाली, बरेच परवाने रद्द झाले, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की एकेका जिल्ह्यात किती जणांच्या कमरेला सरकारमान्य हत्यार आहे. ती चर्चा गुंडगिरीची आणि राजकारणाची झाली. त्या प्रत्येक परवान्यामागे एक घर असतं, घरात बाई असते, हे कुणी बोललं नाही. आपणही नाही.

दोन दिवसांनी बाई परत आल्या. मी यादी पुढे केली, हवालदार बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, आणि विचारलं, "घरात ठेवणार कुठे?" त्या जराशा हसल्या. म्हणाल्या, "त्यांचं असतं तसंच. कपाटात."

कुणाचं?

मग सगळं बाहेर आलं. थोरल्या दिरांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. घर वडिलोपार्जित. नवरा गेल्यापासून दिरांना पुढची खोली हवी आहे. शिव्या नाहीत, मारहाण नाही, धमकी म्हणावी असा एक शब्द नाही. पण ज्या दिवशी घराचा विषय निघतो, त्या संध्याकाळी ते ओट्यावर खुर्ची टाकून, वर्तमानपत्र पसरून, रिव्हॉल्व्हर पुसत बसतात. दुकानातून बाहेर पडायला वाट तिथूनच. शिकायला येणाऱ्या मुलींपैकी एकीच्या आईनं तिला पाठवणं बंद केलं. पोलीस म्हणाले, स्वतःचं हत्यार साफ करणं हा गुन्हा नाही. "माझ्याजवळही आहे म्हटल्यावर ते बाहेर काढणार नाहीत," बाई म्हणाल्या. एवढं साधं गणित होतं त्यांचं. आणि त्या गणिताला चूक म्हणण्याचा अधिकार मला तरी वाटला नाही.

इथे आमची चूक कबूल करायला हवी. या बाई आमच्याकडे त्याआधी दोनदा येऊन गेल्या होत्या. आमच्या नोंदणी अर्जात दारूचं व्यसन, मारहाण किती वेळा, माहेर कुठे, मुलं किती, सगळं विचारलेलं आहे. घरात हत्यार आहे का, हे वीस वर्षांत आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. वर ज्यांचा उल्लेख आला त्या कॅम्पबेलबाईंनी १९८० च्या दशकात धोका ओळखण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, तीत त्याच्याजवळ बंदूक आहे का हा प्रश्न आहे. एम.एस.डब्ल्यू. करताना ती प्रश्नावली मी परीक्षेपुरती पाठ केली होती. परदेशातलं आहे म्हणून तो प्रश्न मी मनातल्या मनात गाळून टाकला असावा.

शिफारसपत्र आम्ही लिहिलं नाही. दुसरे दोन अर्ज लिहिले. हे थोडं सविस्तर देते, कारण तुमच्याकडे उपयोगी पडेल. पहिला, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली. विधवेलाही सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या प्रभा त्यागी निकालात ते ठळकपणे सांगितलं आहे. निवासाचा आणि संरक्षणाचा आदेश तर मागितलाच. पण या कायद्याच्या २००६ च्या नियमांत दहावा नियम आहे. न्यायालयानं लेखी निर्देश दिल्यास संरक्षण अधिकाऱ्यानं पोलिसांच्या मदतीनं हिंसाचारात वापरलेलं हत्यार जप्त करावं, अशी त्यात तरतूद आहे. मी विचारलं त्या तीन संरक्षण अधिकाऱ्यांपैकी एकानंही ती कधी वापरलेली नव्हती. वकिलांनी तर 'गोळी झाडली कुठे?' असं विचारलं. धाक घालणं ही कायद्याच्या व्याख्येतच हिंसा आहे, हे त्यांना पुस्तक उघडून दाखवावं लागलं. दुसरा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, शस्त्र कायद्याच्या १७ व्या कलमाखाली, दिरांचा परवाना निलंबित करावा म्हणून. परवाना देणाऱ्याला तो काढून घेण्याचाही अधिकार आहे, याची आठवण करून देणारा.

दोन्ही अर्ज आपल्या चालीनं चालले होते. मध्येच १५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करून घेण्याचे आदेश निघतात, तसे निघाले. दिरांनी रिव्हॉल्व्हर जमा केलं. चार दिवसांनी बाईंचा फोन. "ताई, काल रात्री दाराला आतून शिलाई मशीन लावलं नाही."

तोवर आम्हाला मशीनचं माहीतही नव्हतं. चार वर्षं त्या दर रात्री पायांचं मशीन ढकलत नेऊन दाराला टेकवत होत्या.

दीडेक महिना घर शांत होतं. दिवाळीच्या ब्लाउजांची गर्दी, शिकायला एक नवी मुलगी. निवडणूक शांततेत पार पडावी म्हणून सरकार एका आदेशानं हत्यार घराबाहेर नेऊ शकतं, कुणाच्या गोळीची वाट न पाहता. मतपेटीसाठी जमतं. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, आणि थोड्याच दिवसांत हत्यार नियमाप्रमाणे परत मिळालं. मशीन पुन्हा दाराशी गेलं.

आमच्या बैठकीत जी ज्येष्ठ मैत्रीण हत्याराची भाषा नको म्हणत होती, तिच्याशी मी अजूनही पुरती सहमत नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर अत्याचार झाला, तो ज्यांच्या हाती सरकारनं हत्यार आणि गणवेश दिला होता त्यांच्याकडून. त्या प्रकरणातून आपल्यापैकी कितीतरी जणी चळवळीत आल्या. तेव्हा 'हत्यार योग्य हातांत आहे, बाईनं निश्चिंत असावं' हे आम्हाला कुणी सांगू नये. उद्या एखादी एकटी, दूर वस्तीवर राहणारी बाई शिकून, समजून, परवाना मागेल तर मी तिला अडवणार नाही, कागद करून देईन. पण बाईला निर्भय करण्याचं काम सव्वा लाखाच्या पेटीवर सोपवून मोकळं होणारं सरकार, आणि त्याच सरकारनं दिलेला दिराच्या कपाटातला परवाना, हे दोन्ही एकाच कार्यालयाच्या शिक्क्याचे आहेत, हे डोळ्यांआड करता येत नाही.

निवासाचा अंतरिम आदेश मिळाला आहे, पुढची खोली बाईंकडेच राहिली. हत्याराचं प्रकरण अजून चालू आहे. संरक्षण अधिकारी बदलले, नव्या बाईंना सगळं पहिल्यापासून सांगून झालं. परवान्याच्या सुनावणीला दीर दोनदा आले, दोनदा त्यांच्या वकिलांनी मुदत मागितली. पुढच्या तारखेला आम्ही चौघी जाणार आहोत. ते कात्रण बाईंनी परत मागून घेतलं, आम्ही दिलं.

आमच्या नोंदणी अर्जात आता एक ओळ वाढवली आहे: 'घरात किंवा त्रास देणाऱ्याजवळ परवान्याचं अथवा बिनपरवान्याचं हत्यार आहे का? ते कुठे ठेवतात? ते तुम्हाला कधी दाखवलं आहे का?' गेल्या काही महिन्यांत हो म्हणणाऱ्या पाच जणी निघाल्या. त्यांतल्या दोघी आमच्याकडे वर्षानुवर्षं येत आहेत. तुमच्या केंद्रात हा प्रश्न विचारत असाल तर काय हाती लागलं ते आम्हाला कळवा. विचारत नसाल तर पुढच्या महिनाभरात विचारून पाहा. दहाव्या नियमाखाली कुठे आदेश मिळाला असेल तर बाईचं नाव-गाव झाकून त्याची प्रत जरूर पाठवा. पुढच्या तारखेला ती आम्हाला लागणार आहे.